आधीबाई मंजुरी देत नाहीत

त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच होतं. ऑफिसात सगळे त्यांना आधीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. कुठलंही काम समोर आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "आधी लिहून काढा." कोड नव्हे. कोण कुणाला काय विचारणार, कुठल्या शब्दांत विचारणार, उत्तर कसं येणार आणि उत्तर नसेल तर काय येणार, एवढंच. दोन सॉफ्टवेअरमधल्या अशा लिखाणाला आमच्या धंद्यात करार म्हणतात. बहुतेक लोक कोड झाल्यावर त्यातून करार काढतात. त्यासाठी एक बटण असतं, दाबलं की फाइल तयार. आधीबाईंना त्या बटणाचा मनापासून राग होता.

"घर बांधून झाल्यावर आजूबाजूच्यांना विचारायचं, रस्ता कुठून देता? असं असतं का कुठे," त्या म्हणत.

मी त्यांच्या टीममध्ये होते तेव्हा आमच्याकडे रक्तपेढीचं काम होतं. रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलेलं. ती ज्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होती, त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्याच भाषेत लिहिलेलं. दोघांना जोडायचं होतं, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरला पडद्यावरच दिसावं की कुठल्या गटाच्या किती पिशव्या देण्याजोग्या आहेत. तोवर त्यासाठी कुणीतरी जिने उतरून विचारायला जात होतं.

आमच्या मॅनेजरांचं नाव फटाफट. त्यांनी उद्घाटनाची तारीख हॉस्पिटलला परस्पर देऊन टाकली होती.

"मॅडम, कोड आपला तयार आहे. बटण दाबा, करार काढा, त्यांना पाठवा. फटाफट."

"तो करार नाही सर. तो आपल्या घरातला पसारा आहे. समोरच्याला का द्यायचा?"

"समोरचा घेतोय ना पण?"

समोरचा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर. उकाड्यातही टाय लावून यायचा, म्हणून तो टाय. स्वभावाने चांगला. आधीबाईंनी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे आकड्याची जागा रिकामी राहू शकते का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही आकडा पाठवलाच नाही, तर तुमचं सॉफ्टवेअर काय समजेल?"

"शून्य," टाय म्हणाला. "आमच्यात आकडा रिकामा राहत नाही. काही नाही आलं तर शून्य भरतो."

आधीबाईंनी कप खाली ठेवला. मला तेव्हा काहीच कळलं नाही. जागेवर परत आल्यावर त्यांनी आमचाच कोड उघडून दाखवला. रक्ताच्या तपासणीचा निकाल आम्ही आकड्यांत ठेवला होता. शून्य म्हणजे निर्दोष, एक म्हणजे दोष आढळला. तपासणी व्हायची असेल तर ती जागा रिकामी. आमच्या भाषेत रिकामं म्हणजे रिकामंच, त्यामुळे आमचं कधी अडलं नव्हतं. पलीकडे गेलं की त्याच रिकाम्या जागेत शून्य बसणार, आणि शून्याला त्यांचा पडदा हिरवा रंग देणार.

न तपासलेली पिशवी हिरवी.

त्या तशाच फटाफटांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"रक्तपेढीला सांगू ना, तपासणी झाल्याशिवाय पिशवी नोंदवू नका," फटाफट म्हणाले.

"कोण सांगणार? कुठे लिहून ठेवणार? आज सांगितलेलं नव्या माणसाला कोण सांगेल?"

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. आत्ता मंजुरी द्या."

कुठलीही जोडणी सुरू व्हायची तर टीमच्या प्रमुखाने सिस्टिममध्ये मंजुरी द्यावी लागे. ती आधीबाईंच्या हातात होती.

"नाही देणार."

"मॅडम, तुम्ही अडवून धरताय."

"हो. त्याचसाठी मंजुरीचं बटण माझ्याकडे दिलंय. सगळ्यांना हो म्हणायचं असतं तर बटण कशाला लागतं?"

त्या आठवड्यात आधीबाईंची बदली झाली. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, वीज गेली तर लागणाऱ्या बॅटऱ्यांच्या खोलीत, सपोर्टमध्ये. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो, असे फोन घ्यायचे. टीम दुसऱ्याकडे गेली आणि मंजुरी फटाफटांनी स्वतःच्या हाताने दिली. बाई नोकरी सोडतील असा सगळ्यांचा होरा होता, बहुधा फटाफटांचाही. बाईंनी त्या खोलीतल्या टेबलाचा हलणारा पाय कागदाची घडी घालून नीट केला आणि फोन घ्यायला बसल्या.

त्याच सुमारास मी एकदा त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात त्यांचे वडील बसले होते, निवृत्त प्लंबर. गुडघ्यावर सिंकचा नळ, हातात पाना. आधीबाई कणीक मळत होत्या.

"हिला सांग जरा," ते मला म्हणाले. "एक बटण दाबायचं होतं. दाबून टाकायचं. काय जात होतं हिचं? आता बस म्हणावं खाली."

"बाबा, तुम्ही कधी आटे जुळत नसताना नळ बसवलाय?"

"बसवलाय की. टेप गुंडाळून."

"मग?"

म्हातारबाबांनी पाना खाली ठेवला. "मग काय. गळला."

"मग कोणाच्या घरी गळला?"

"तुझ्या आत्याच्याच. अजून ऐकवते." ते हसले, आणि लगेच गंभीर झाले. "पण ते पाणी होतं गं. तुझी नोकरी आहे ही."

"माझी नोकरी आहे, आणि तिकडे रक्त आहे," आधीबाई म्हणाल्या आणि कणकेला मूठ मारली. म्हातारबाबांनी पाना पुन्हा उचलला.

उद्घाटनाच्या दिवशी हॉस्पिटलच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. हॉस्पिटलचे संचालक, मेट्रनबाई, टाय, फटाफट, सगळे होते. कीबोर्ड माझ्यासमोर. मागच्या दारातून आधीबाई आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तुम्ही इथे?" फटाफट दबक्या आवाजात म्हणाले.

"सपोर्टच्या माणसाने पहिल्या दिवशी ग्राहकाकडे हजर राहायचं. तुमचाच नियम आहे सर."

सगळं छान चाललं. गट निवडला की पिशव्यांची यादी, हिरव्या खुणा, संचालकांच्या माना डोलल्या. फटाफट आभार मानायला उठले तेव्हा मागून आवाज आला.

"मेट्रनबाई, खाली कुणी रक्त देत असेल तर ती पिशवी आत्ता नोंदवायला सांगता का? सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

मेट्रनबाई अंगाने लहान आणि आवाजाने मोठ्या. त्यांनी फोन उचलला. खाली रक्तपेढीतल्या ताईंनी एका रक्तदात्याच्या हाताला कापूस लावला, पिशवीवर चिकटपट्टी डकवली, नोंद केली आणि मेट्रनबाईंच्या सांगण्यावरून पिशवी ट्रेमध्ये ठेवून स्वतःच वर घेऊन आल्या. त्या दारात पोचायच्या आत ती पिशवी पडद्यावर आली होती. हिरव्या खुणेसकट.

मेट्रनबाईंनी पिशवीवरचा क्रमांक पाहिला, पडद्यावरचा पाहिला. पिशवीवर तळहात ठेवला.

"ही अजून कोमट आहे," त्या म्हणाल्या. "हिची तपासणी कुणी केली?"

"डेमोचा डेटा आहे तो," फटाफट म्हणाले.

"पिशवी डेमोची नाही."

संचालक फटाफटांकडे बघत होते. मेट्रनबाई मात्र मागच्या भिंतीकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो. म्हणूनच मी मंजुरी दिली नव्हती."

"मग यापुढे," मेट्रनबाई संचालकांकडे न बघताच म्हणाल्या, "या बाईंच्या मंजुरीशिवाय माझ्या वॉर्डात हा पडदा लागणार नाही. आमच्या पोरी जिने उतरतील. त्यांचे पाय शाबूत आहेत."

परतताना गाडीत फटाफट आधीबाईंना म्हणाले, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीत तुम्ही."

"केबिनमध्ये सांगितलं होतं सर. तिथे ऐकलं असतंत तर चारचौघांत कशाला आले असते?" आणि वर, "तुमची अब्रू गेली. पेशंट नाही गेला."

दुसऱ्या दिवशी फटाफट जिना उतरून बॅटऱ्यांच्या खोलीत आले. वर चला, म्हणाले. आधीबाई प्रिंटरवाल्या एका ग्राहकाशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी हाताने थांबायची खूण केली, ग्राहकाचा कागद निघेपर्यंत त्यांना उभं ठेवलं, मग फोन ठेवला.

"वर नाही येत. बैठक इथेच होईल. आणि करार ठरेपर्यंत कोडची एक ओळ कुणी लिहायची नाही. ना आपण, ना त्यांनी."

"इथे? इथे बसायला जागा नाही."

"खुर्च्या आणा."

खुर्च्या आल्या. टाय आला, रक्तपेढीतल्या ताई आल्या, मेट्रनबाई आल्या. दारातच आधीबाईंनी आमचे लॅपटॉप बंद करायला लावले. "कोडकडे बघायचं नाही. कोडकडे बघितलं की माणूस त्याचीच बाजू घेतो." फळ्यावर त्यांनी एका पिशवीबद्दलचा एक निरोप लिहिला, जसा या सॉफ्टवेअरकडून त्या सॉफ्टवेअरकडे जाईल तसा, आणि एकेक शब्दावर सगळ्यांना भांडू दिलं. आकडे गेले. निकाल शब्दांत आला: निर्दोष, सदोष, तपासणी बाकी. जागा रिकामी चालणार नाही. निकाल नसलेला निरोप दारातूनच परत. तारखेत आधी वर्ष.

"तपासणी सुरू आहे आणि तपासणी बाकी, वेगळं लिहायचं का?" टायने विचारलं.

"सिस्टरला काय फरक पडतो?" मेट्रनबाई म्हणाल्या. "द्यायची की नाही, तेवढं सांगा."

"मग एकच," आधीबाई म्हणाल्या आणि एक ओळ पुसली.

करार ठरला तेव्हा टायने बॅटऱ्यांच्या उकाड्याने टाय सोडून खिशात ठेवला होता. "आता लिहायला घेऊ का कोड?"

"आधी नमुने." बरोबर निरोप कसा, चुकीचा कसा, याचे नमुने त्यांनी दोघांनाही दिले. मग टायने त्याच्या ऑफिसात आणि आम्ही आमच्या ऑफिसात काम केलं, कुणी कुणासाठी थांबलं नाही. दोन सॉफ्टवेअरमधल्या दाराशी आम्ही एक छोटा प्रोग्राम बसवला. येणारा प्रत्येक निरोप कराराशी ताडून बघायचा, जुळला नाही तर परत, एवढंच त्याचं काम.

खरा पहिला निरोप आमच्याच सॉफ्टवेअरने पाठवला. फटाफट माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर लाल ओळ उमटली: निकाल नाही, निरोप नाकारला. नोंदीच्या जुन्या पानावरची एक रिकामी जागा आमच्या नजरेतून सुटली होती.

"आपलाच नाकारला?" फटाफट म्हणाले. "मॅडम, आपण बनवलेला दरवाजा आपल्यालाच आत घेत नाही?"

आधीबाईंनी ती लाल ओळ नीट वाचली. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"नाही घेत," त्या म्हणाल्या. "जा, दुरुस्त करून आणा. तोवर मंजुरी नाही."