सगुणाबाईंचं नववं मत

बुधवार, सकाळचे सव्वासहा. ठाणे स्टेशनच्या कोपरीकडच्या अंगाला असलेल्या मासळी बाजारात सगुणाबाई नाखवा तिसऱ्या ओट्यावर कोलंबीचे वाटे लावत होत्या. वाटे बारा झाले. शेजारी ओल्या गोणपाटाखाली एक मोठा जिताडा आणि पाटीत बोया.

सगुणाबाईंचं वय सेहेचाळीस. नवरा आठ वर्षांपूर्वी वारला. मुलगी शालू लग्नाची आहे. उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. बेचाळीस साली त्यांनी मासळीच्या पाटीतून पक्षाची पत्रकं पोचवली. त्या पाटीत हात घालायला एकही शिपाई तयार नसे, त्यामुळे धोका फारसा नव्हता, असं त्या स्वतःच सांगतात. स्वातंत्र्यानंतर पक्षाने त्यांना शहर कमिटीवर घेतलं. कमिटीत नऊ जण, त्यांतले आठ पुरुष. सहा वर्षांत सगुणाबाईंचं मत कोणी विचारलं नाही, कारण सगळे ठराव एकमताने होत.

या जानेवारीत एकमत होईना. नगरपालिकेत पक्षाचे सभासद जास्त होते, म्हणजे पक्ष ज्याचं नाव देईल तोच अध्यक्ष होणार होता. नाव कमिटीने ठरवायचं होतं आणि नावं दोन आली होती. एक भाऊ वकील, दुसरे मिठागरांचे मालक दौलतशेठ म्हात्रे. दोघंही कमिटीत होते आणि दोघांनीही स्वतःला मत दिलं होतं.

तीन बैठका झाल्या. वकिलांच्या बाजूचं म्हणणं, अध्यक्षाला कायदा कळला पाहिजे. दौलतशेठच्या बाजूचं म्हणणं, कायदा कळायला नगरपालिकेचा पगारी वकील आहे. वकिलांच्या बाजूने सांगितलं, मुंबईहून मंत्री आले की इंग्रजीत भाषण करावं लागतं. दुसऱ्या बाजूने विचारलं, मंत्र्यांना पाणी इंग्रजीत पाजणार काय? बेचाळीसच्या ऑगस्टात दौलतशेठ खडवलीला सासुरवाडीत होते, ही गोष्ट तिन्ही बैठकांत निघाली. भाऊ वकील त्या महिन्यात परीक्षेला बसले होते, हेही तिन्ही बैठकांत निघालं. मतं प्रत्येक वेळी चार-चार. नवव्या मताकडे पाहिलं की सगुणाबाई म्हणत, "माझं अजून ठरलं नाय."

त्यांचं न ठरण्याचं कारण मासळी बाजार हे होतं. बाजार स्टेशनजवळून उठवून खोपटला नेण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे होता. खाडीवरच्या बंदरापासून आताच्या ओट्यापर्यंत डोक्यावर पाटी घेऊन बारा मिनिटं लागतात. खोपटपर्यंत पाऊण तास. त्या गुडघ्यावर पाऊण तास सगुणाबाईंना जमणार नव्हता. बाजार हलला असता तर त्यांचा धंदा संपला असता. बाजाराचा वास येतो अशी तक्रार करणारा अर्ज भाऊ वकिलांनी लिहिला होता. खोपटला सुचवलेली जागा दौलतशेठच्या मेहुण्याची होती. तिन्ही बैठकांत बाजाराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

सहा पंचवीसला दौलतशेठ ओट्यापाशी आले. सहा वर्षं ते बोहनीच्याच वेळी येत आले आहेत. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक विन्मुख पाठवायचं नाही, ही कोळणींची रीत त्यांना पाठ आहे.

"काय गो सगुणा, जिताडा कसा दिला?"

सगुणाबाईंनी भाव सांगितला. दौलतशेठ हसले.

"बोहनी हाय. दोन बोया वर टाक."

"एक देते."

"दोन. आणि कोलंबीचा वाटा."

"मग ओटाच उचलून न्या ना, शेठ," शेजारच्या ओट्यावरची शकू म्हणाली.

दौलतशेठनी जिताड्याचे कल्ले उघडून पाहिले, पोट दाबलं, वास घेतला, परत ठेवला, चार पावलं गेले आणि परत आले. हे दोनदा झालं. सात वाजून दहा मिनिटांनी ते जिताडा आणि दोन बोया घेऊन निघाले. कोलंबी मिळाली नाही. जाताना म्हणाले, "संध्याकाळी ध्यानात ठेव."

चौथी बैठक पाच वाजता राघो मास्तरांच्या ओसरीवर भरली. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि कमिटीचे प्रमुख. त्यांनी सतरंजीवर घड्याळ ठेवलं आणि आज नाव पाठवावंच लागेल असं सांगितलं. वीस मिनिटांनी मतं चार-चार झाली. सगळे सगुणाबाईंकडे वळले.

"बाजार हाय तिथंच राहील, असं जो लिहून देईल त्याला माझं मत," त्या म्हणाल्या.

"बाई, हा सौदा झाला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मी सत्तावीस वर्षं सौदाच करते."

दौलतशेठनी हात पुढे केला. "आणा कागद. कायमचा लिहा. तुझ्या नातवंडांची नातवंडं तिथंच बसतील, सगुणा." त्यांनी टोपण काढून पेन तयार ठेवलं. कागदावर अजून काही लिहिलेलं नव्हतं.

भाऊ वकिलांनी चष्मा पुसला. "कायमचा असं मी लिहिणार नाही. अध्यक्षाची मुदत संपली की त्याच्या हातात काही राहत नाही. माझ्या मुदतीपुरतं लिहीन."

"आन तो वासाचा अर्ज?"

"अर्ज मीच लिहिलाय. तो मागे घेता येणार नाही, त्यावर इतरांच्याही सह्या आहेत. माझी सही काढून घेईन."

"नुसती सही नको. सभेत उभं राहून सांगायचं."

"सांगेन. पण वास खरोखर येतो, बाई. ओटे रोज धुतले पाहिजेत. खवले गटारात टाकायचे नाहीत."

"पाणी कुठलं?"

"नळासाठी मंजुरी मागेन."

"दोन नळ."

"एक."

"चौदा ओटे हायत, वकीलसाहेब. एका नळावर आमी डोकी फोडून घेऊ."

"एक नळ आणि शेवटच्या ओट्यापर्यंत पोचेल एवढा रबरी पाईप."

"आन मंजुरी नाय मिळाली तर?"

"तर मला ते तुम्हाला बाजारात येऊन सांगावं लागेल."

"ते लिहा."

त्यांनी ते लिहिलं, दोन शब्द खोडले, खाडाखोडीपाशी सही केली आणि कागद मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतला. या सगळ्याला तेवीस मिनिटं लागली. दौलतशेठचं पेन तेवढा वेळ उघडंच होतं.

"माझं मत वकिलांना," सगुणाबाई म्हणाल्या.

"अगो, मी एका शब्दात अख्खा बाजार दिला!" दौलतशेठ म्हणाले. "हा माणूस तुला एक नळ द्यायला रडतो, आणि मत त्याला?"

"शेठ, सकाळी दोन बोयांसाठी तुमी माझा पाऊण तास खाल्ला. आता बाजार देताना हुं का चूं नाय केलं. ज्या गिऱ्हाइकाला घ्यायचं असतं ते भाव करतं. ज्याला घ्यायचं नसतं ते 'काय सांगशील ते देतो' म्हणतं, आन परत दिसत नाय."

दौलतशेठनी पेनाला टोपण लावलं. मास्तरांनी मतं लिहून घेतली, पाच विरुद्ध चार, आणि कमिटीच्या रिवाजाप्रमाणे शिफारस एकमताने झाल्याची नोंद केली.

घरी शालूने कागद दोनदा वाचून दाखवला. सगुणाबाईंनी दुसऱ्यांदा फक्त धुण्याचं कलम ऐकलं. ते आजच्या तारखेपासून लागू होतं आणि नळाच्या कलमात तारीख नव्हती. ही चूक त्यांच्या तेव्हा कुठे लक्षात आली. कागद त्यांनी डब्यात ठेवला.

उद्या गुरुवार. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक निम्मंच असतं, म्हणून सगुणाबाई एकच पाटी आणतात आणि अकराला ओट्यावरून उठतात. उद्या त्यांना ओटा धुवायला विहिरीवरून दोन घागरी आणाव्या लागतील, तेव्हा त्या साडेअकराला उठतील.