सासऱ्यांची जलनेती
कोमट मिठाच्या पाण्याचा वास आला की मला रोहणा गावच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. मी गावात नवीन सून होते आणि सासऱ्यांना दमा होता. कापूस वेचायच्या दिवसांत त्यांना शेतापर्यंतही चालवत नसे. घरात ते माझ्याशी थेट बोलत नसत. आर्वीहून एक बाई आठवडाभर हठयोग शिकवायला आल्या, तेव्हा सासूबाईंनी मला सासऱ्यांसोबत शाळेत धाडलं. “आधी शुद्धी, मग आसनं, मग प्राणायाम,” असं म्हणत बाईंनी तोटीचं भांडं पुढे केलं, तशी सासऱ्यांनी चप्पल शोधली. “नाकात पानी टाकू? मले बुडवून मारता का?” सगळे हसले आणि सासरे निघाले. मला काय सुचलं कोण जाणे, मी भांडं घेतलं, मान तिरपी केली आणि पाणी एका नाकपुडीत सोडलं. दुसरीतून धार यायच्या आधीच मोठी शिंक आली, पाणी अंगावर सांडलं आणि डोक्यावरचा पदर खाली घसरला. एवढ्या लोकांसमोर मी रडवेली झाले. तेवढ्यात सासरे परत येऊन शेजारी बसले. “घाबरू नोको पोरी,” ते म्हणाले, “मी करून पाह्यतो, मंग तू कर.” त्यांची धार पहिल्याच झटक्यात सरळ पडली, आणि ते लहान मुलासारखे हसले. दमा काही गेला नाही, पण पुढे कितीतरी वर्षं रोज सकाळी आम्ही दोघं अंगणात बसून प्राणायाम करायचो. आता मी एकटीच बसते, पण चटई अजूनही त्यांच्यापुरती जागा सोडून, एका कडेला सरकवूनच टाकते.