ताईच्या खात्यात डोकावलो तेव्हा

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हाच ठरवलं होतं की पासवर्ड ठेवायचं ॲप एकदा नीट लावायचं. वर्षानुवर्षं त्यात फक्त भर पडत गेली होती. मारुंजीत भाड्याने राहायचो तेव्हाचं गॅसचं खातं, आधीच्या दोन कंपन्यांची पोर्टलं, अर्धवट सोडलेले कोर्स, एकदाच औषध मागवलेली वेबसाइट. एका शनिवारी सकाळी पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा घेऊन बसलो. ‘जुनं’ नावाचा एक कप्पा केला. पद्धत साधी होती. एकेक नोंद उघडायची, लॉगिन करून बघायचं, चालत नसेल तर ती ‘जुनं’मध्ये टाकायची.

असं करत करत ताईच्या नोंदींपाशी आलो.

ताई माझी मोठी बहीण. धाराशिवकडून दाजींबरोबर महाळुंग्याला आली, तेव्हा तिच्याकडे साधा फोन होता. तिला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत काम लागलं आणि एकदम सगळंच लागायला लागलं. ईमेल, पीएफचं खातं, बँक. ते सगळं मीच काढून दिलं होतं, पासवर्ड मीच ठरवले होते आणि माझ्याच ॲपमध्ये ठेवले होते. पुढे तिने स्मार्टफोन घेतला, हळूहळू सगळं स्वतः करायला शिकली. माझ्याकडच्या नोंदी तशाच राहिल्या.

तिचा ईमेल उघडणार नाही असं धरूनच मी पासवर्ड टाकला. उघडला. तिने तो कधी बदललाच नव्हता. नोंद जुनी नाही एवढं कळलं होतं, लगेच बंद करायला हवं होतं. पण मी तिथेच रेंगाळलो. वरच्या दोन-तीन ओळी वाचल्या. भाच्याच्या शाळेचा निरोप होता, कुठल्याशा शिवणकामाच्या क्लासचा होता. ताई क्लास लावतेय हे मला ठाऊक नव्हतं. मग मात्र चोरी केल्यासारखं वाटलं आणि मी ईमेल बंद केला.

दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर तिचा फोन आला. मागे कंपनीच्या बसचा आवाज होता.

“माझ्या ईमेलात कुणीतरी घुसलंय,” ती म्हणाली. “लॉकरमधून फोन काढला तर मेसेज दिसला. नवीन कॉम्प्युटरवरून उघडलंय म्हणं. पिंपरी-चिंचवड दाखवायलंय. आमच्या लाइनवरच्या एकीचं असंच झालं होतं, खातं रिकामं केलं तिचं. मला तर काय करावं कळंना गेलंय.”

‘अगं, मीच होतो.’ एवढे तीन शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. बायको समोर भाजी निवडत बसली होती. शिवाय मीच होतो म्हटलं की पुढचंही सांगावं लागलं असतं: का उघडलं, काय वाचलं, आणि तुझे सगळे पासवर्ड अजून माझ्याकडे कसे.

“घाबरू नको,” मी म्हणालो. “पासवर्ड बदलून टाक. बाकी काही होत नाही.”

“तुला कसं माहीत?”

“सहसा होत नाही.”

फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत घातली, की पासवर्ड बदलला की विषय संपेल. जेवताना बायकोने विचारलं, ताईंचं काय झालं. काही नाही, म्हणालो.

रविवारी सकाळी पुन्हा फोन. या वेळी ताईचा आवाज ठाम होता.

“सापडलं कोण ते. शेजारचीच.”

शेजारची म्हणजे त्याच चाळीतली, भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीतली बाई. रत्नागिरीकडची. ताईच्याच कंपनीत, दुसऱ्या लाइनवर. दोघी एकमेकींची मुलं सांभाळायच्या. मागे एकदा तिने ताईला शाळेचा फॉर्म भरून दिला होता, तेव्हा ताईने तिला पासवर्ड सांगितला होता. तिच्या नवऱ्याने नुकताच जुना लॅपटॉप घेतला होता. ताईला एवढं पुरेसं होतं.

“तू तिला काही बोललीस का?”

“बोलले की. काल नळावरच विचारलं, सगळ्यांसमोर. न्हाई म्हणाली. रडायली. मी म्हटलं, रडून काय उपयोग.”

मी गाडीची किल्ली घेतली. तळवड्याच्या रस्त्याने निघालो. रविवार असूनही कंटेनर होतेच, त्यांच्यामागे रांगत जाताना काय बोलायचं याची मी जुळवाजुळव करत होतो. महाळुंग्यात पोहोचेपर्यंत त्यातलं काहीही उरलं नाही.

ताई पोळ्या करत होती. दाजी बाहेर गेले होते. मी दारातच म्हणालो, “ताई, ते मी उघडलं होतं. जुन्या नोंदी आवरत होतो. तिचा काही संबंध नाही.”

तिने तव्यावरची पोळी उलटली, भाजली, काढून ठेवली आणि गॅस बंद केला.

“मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग का न्हाई बोललास?”

लाज वाटली, एवढंच म्हणालो.

“तुला लाज वाटली,” ती म्हणाली, “आणि मी त्या बाईला चारचौघींत चोर म्हटलं.”

ईमेल का उघडलास, काय वाचलंस, यातलं तिने काहीच विचारलं नाही. हात धुतले, पदराला पुसले. “चल. तिच्यासमोर सांग.”

शेजारीण दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत होती. ओव्हरटाइमचा रविवार. डबा भरता भरता तिने माझं सगळं ऐकून घेतलं. ताईने तिचा हात धरला, चुकले म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नाही.

“तुमचं काही नाही भाऊ, चुकून झालं,” ती मला म्हणाली. मग ताईकडे वळली. “पण तुम्ही मला घरात येऊन विचारायला हवं होतं हो. नळावर नको होतं.”

ताई नळावरच्या बायकांना एकेक करून सांगून आली, की चूक आपल्या घरातली होती. माझं नाव सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही.

दोघी पुन्हा बोलायला लागल्या. मुलंही एकमेकांच्या घरी जायची. पण दोन-तीन महिन्यांत शेजारणीने खोली बदलली, चाकणच्या बाजूला गेली. तिकडून बस सोयीची पडते, असं ताई म्हणते. असेलही.

त्या रविवारी मी निघण्यापूर्वी ताईने सगळे पासवर्ड माझ्यासमोर बसून बदलले. मला काही विचारलं नाही. टाइप करताना फोन थोडा स्वतःकडे वळवून धरत होती. ते बरोबरच होतं, तरी मला भिंतीकडे बघत बसावं लागलं. घरी येऊन मी तिच्या नोंदी ‘जुनं’मध्ये न टाकता कायमच्या पुसल्या. तिला तसा मेसेज केला. तिने अंगठा पाठवला.

मध्यंतरी पीएफचं काहीतरी अडलं होतं तिचं. ते मला दाजींकडून कळलं, काम झाल्यानंतर. ताई गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन, तासभर रांगेत बसून करून आली होती. मी फोन केला, म्हटलं मला सांगायचं ना.

“तुला कशाला त्रास,” ती म्हणाली, आणि जेवलास का म्हणून विचारलं.