जिनखालचं भुयार

सुपडू भुयाराच्या पायऱ्यांवर बसला होता. त्याला वर येता येईना. मी खाली उतरलो, काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. भुवया, पापण्या, मिशा कापसाच्या तंतूंनी पांढऱ्या झाल्या होत्या.

“सुट्टीना दुसरा रोज असंच व्हस, मिस्त्री,” तो थांबत थांबत म्हणाला. “छातीवर दगड ठेवेल वाटस.”

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, शहाद्याची. मी एका जिनिंग कारखान्यात फिटर होतो. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. यंत्रांच्या रांगेखाली लांबलचक भुयार होतं. त्यात लाईन शाफ्ट फिरे, म्हणजे इंजिनाने फिरणारा लोखंडी दांडा. त्याच्यावरचे पट्टे जमिनीतल्या फटींतून वर जाऊन जिन चालवत. त्याच फटींतून वरची धूळ खाली गळे. शाफ्टच्या बेअरिंगना तेल द्यायला सुपडू दिवसभर तिथे वाकून फिरायचा. कळसाडीचा माणूस, हे काम त्याने बारा सीझन केलं. भुयाराला दार एकच, त्यामुळे धूळ बाहेर पडायला वाट नव्हती.

मी शेठना म्हणालो, “दुसऱ्या टोकाची भिंत फोडू. हवा आरपार जाईल.”

“पाया कच्चा होईल.”

“नाही होणार. मी वर कमान बांधून घेतो.”

“सीझन संपू दे, मिस्त्री.”

सीझन संपला. पुढचा सुरू झाला. मी लेखी रिपोर्ट दिला. त्यात सुपडूचा खोकला लिहिला, श्वास लिहिला. शेठनी तो वाचून टेबलाच्या खणात ठेवला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, याला भुयारातून काढा. मी सुपडूला वर सरकी उचलायला लावलं, पण एक टोपली नेली की तो खाली बसायचा. दिवाळीनंतर तो गावी गेला.

त्याच्या जागी दुसरा तेलवाला आला. महिन्याभरात एक बेअरिंग तापलं आणि खालच्या धुळीने पेट घेतला. बादल्यांनी आग विझवली. माणूस वाचला, दोन पट्टे जळाले. पण विम्याचा इन्स्पेक्टर आला, भुयारात डोकावला आणि म्हणाला, “दुसरं तोंड काढा, नाहीतर विमा बंद.”

चार दिवसांत भिंत फुटली. पाया जसाच्या तसा राहिला.

मी कळसाडीला गेलो. सुपडू खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला दम लागायचा. त्याची बायको पाठीला हात लावून उभी होती. मी भिंतीचं सांगितलं. एका सीझनचा उशीर झाला, हे मला बोलवेना.

“बरं जयं,” तो म्हणाला. बराच वेळ श्वास जमवला. “आते तठे कोण शे?”

“धुळ्याकडचा एक जण.”

“त्याले पोऱ्हे शेतस?”

“तीन.”

त्याने मान हलवली. होळीच्या आधी तो गेला.

नंतर मी आणखी तीन जिनांत नोकरी केली. भुयारं सगळीकडे तशीच होती. रिपोर्टात मी खोकल्याचा उल्लेख कधी केला नाही. पहिल्या ओळीत लिहायचो, ‘आगीचा धोका आहे.’ तिन्ही ठिकाणी आठवड्याच्या आत भिंत फुटली.