आधी बेल वाजव

बातमी मला नूराने दिली. काही वर्षांपूर्वी कोणी रुकय्याआपाला सांगितलं असतं, की तुझ्या मरणाची बातमी तुझी लेक स्वतः फोन करून सगळ्यांना देईल, तर आपाने त्या माणसाला चहा न पाजताच घालवून दिलं असतं. मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. नूराचं बोलणं मुळातच अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. "खाला, उम्मी खलास. झोपेत. आत्याचा फोन आला. तू माझ्या घरी ये. मी चहा ठेवते." मी हातातल्या डब्यासकट खुर्चीवर बसले. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण खरं सांगते, आधी आला तो सुटकेचा श्वास. नूरा तिच्या घरी होती आणि चहा ठेवत होती. आपाने आयुष्यभर ज्या दिवसाची धास्ती घेतली, तो दिवस उजाडला होता आणि आभाळ कोसळलं नव्हतं...

रुकय्याआपा मूळची दापोलीकडची, खाडीकाठच्या गावची. वडील इथे मनामात एका व्यापाऱ्याकडे कारकून होते, त्यामुळे ती बहरीनमध्येच वाढली आणि इथल्याच यूसुफभाईंशी तिचं लग्न झालं. मी चिपळूणची, ईसा टाउनच्या शाळेत शिकवायला आलेली. आमची ओळख झाली मासळीबाजारात. कोळंबीच्या भावावरून ती विक्रेत्याशी अरबीत भांडत होती आणि मध्येच स्वतःशी पुटपुटली, "मेल्याच्या तोंडाला काय लागायचा?" मी मोठ्याने हसले. तिने वळून पाहिलं, माझं गाव विचारलं, आणि त्या संध्याकाळी मी तिच्या घरी सांदणं खात बसले होते. तिथेच नूरा पहिल्यांदा दिसली, वयात आलेली, उजवी बाजू जन्मापासून कमजोर, समजायला जरा वेळ लागणारी, आणि हसली की खोली उजळावी अशी. तिला अधूनमधून फिट येत असे. हे मला कळायला मात्र दोन वर्षं लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आपाचा बाणाच होता. नूराला अंघोळ आपा घालायची, वेणी आपा घालायची, घास आपा भरवायची, आणि पाहुण्यांना सांगायची, "माझी नूरा सगळं आपलं आपण करते हां!"

यूसुफभाई गेल्यावर मायलेकी दोघीच उरल्या. आपा रोज नमाजानंतर एकच दुवा मागायची: "या अल्ला, मला हिच्यापेक्षा एक दिवस जास्त दे." लेकीच्या आधी मरण नको, म्हणजे लेकीचं मरण आपण पाहायचं! पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. नातेवाईक प्रेमळ होते, तरी त्यांचे आपापले संसार होते. सोय म्हणावी तर एक मोठी इमारत होती, अशा मुलामाणसांसाठीची. ती बघायला एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. वाईट काही नव्हतं, उगाच कशाला बोला. फरशी लख्ख होती, नर्स गोड बोलत होत्या. लांबच लांब खोलीत ओळीने खाटा, सगळ्यांचं जेवण एका वेळी, दिवे एका वेळी बंद. गाडीत बसल्यावर आपा म्हणाली, "सगळं चांगलं हाय गं. पण दारात चपला बघितल्यास? सगळ्या सारख्या. कोणाची कुठली, काय पण कळत नाय." त्यानंतर तिने त्या इमारतीचं नाव काढलं नाही.

मग नवी व्यवस्था आली. मोठ्या इमारतीतल्या माणसांना हळूहळू साध्या वस्तीतल्या लहान घरांत आणायचं, एका घरात तिघी-चौघी. प्रत्येकीसाठी एक कोऑर्डिनेटर. तिने माणसाला भेटायचं, मदत कशाला नि किती लागते ते ठरवायचं, आणि डॉक्टर, व्यायाम, गाडी, मदतनीस ही सगळी मोट एका हाताने बांधायची. घरी राहणाऱ्यांनाही अर्ज करता येणार होता. मीच आपाच्या मागे लागले. हुदा नावाची तरुण कोऑर्डिनेटर भेटीला यायची ठरली आणि आपाने काय केलं असेल? घर धुऊन काढलं, नूराला नवा पायघोळ जलाबिया घातला, डोळ्यांत सुरमा घातला, टेबलावर इतके पदार्थ मांडले की जणू मुलगी बघायला पाहुणे येणार होते! हुदाने विचारलं, अंघोळ? "स्वतः करते." जेवण? "स्वतः." फिट? "लहानपणी यायची, आता मफी, अजिबात नाय." नूरा आईच्या तोंडाकडे बघत राहिली. काही दिवसांनी निरोप आला: आठवड्यातून थोडे तास मदतनीस येईल, वेगळ्या घराची गरज दिसत नाही. आपा मला अभिमानाने म्हणाली, "बघ, पास झाली माझी पोरगी!" मी कपाळावर हात मारून घेतला. "आपा, ती परीक्षा नव्हती गं. जितकी हुशार दाखवशील, तितकी मदत कमी मिळणार." पण चार लोकांत लेकीचं उणं काढायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. आपल्याकडच्या किती आया अशाच असतात.

डोळे उघडले ते न्हाणीघरात. नूराला अंघोळ घालताना आपा घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हाताने ना वेणी घालता येई, ना घास भरवता येई. त्यात एका दुपारी नूराला फिट आली आणि आपाला तिला धड कुशीवरही वळवता येईना. शेजारीण धावून आली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आपाने स्वतः हुदाला फोन केला.

या खेपेला हुदा आपासमोर बसलीच नाही. खुर्ची ओढून नूरासमोर बसली आणि म्हणाली, "आज तू सांग. वेळ लागू दे." आपाने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. मी तिचा चांगला हात घट्ट पकडून ठेवला, नाहीतर ती बोलल्याशिवाय राहिली नसती. बराच वेळ गेला... मग नूरा म्हणाली, "फिट येते. उम्मी कोणाला सांगत नाही." हुदाने विचारलं, तुला काय हवं? आम्हाला वाटलं, म्हणेल उम्मी, नाहीतर आईस्क्रीम. ती म्हणाली, "दार. माझं दार. मी बंद करणार."

आपा उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता. उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. नूराला काय येत नाही, काय कधीच येणार नाही, फिट किती वेळा येते, स्वतःची कंबर रात्री कशी ठणकते. एकही गोष्ट राखून ठेवली नाही. हुदा गेल्यावर सोफ्यावर अंग टाकत म्हणाली, "सुलभा, एरंडेल घेतल्यासारखं वाटतंय बघ. पण बरं वाटतंय." आम्ही दोघी इतक्या हसलो की नूरा आतून बघायला आली.

काही महिन्यांनी सनद नावाच्या वस्तीत, एका साध्या गल्लीतल्या घरात नूराला खोली मिळाली. बरोबर आणखी दोघी, आणि पाळीपाळीने मदतनीस. दाराला कडी अशी, की आतून बंद होते पण वेळ आली तर बाहेरूनही उघडता येते. आपा रोज डबा घेऊन जायची आणि सरळ आत घुसायची. एक दिवस तिचा मला फोन आला, हसत होती की रडत होती, देव जाणे. "पोरगी काय म्हणाली माहीत हाय? आधी बेल वाजव! मी हिला नऊ महिने पोटात ठेवली तवा बेल होती काय गं?" पण शिकली. म्हणजे तिच्या पद्धतीने शिकली. एका हाताने बेल दाबायची, दुसऱ्या हाताने दार ढकलायची, आणि वर ओरडायची, "नूरा, मी हाय गं!"

ते घर म्हणजे काही स्वर्ग नव्हे. मदतनीस बदलत राहायच्या, गाडी वेळेवर येईलच असं नसे, तास कमी करायची भाषा निघाली की आपा पदर खोचून, म्हणजे अबाया सावरून, भांडायला हजर. पण नूरा डाव्या हाताने चहा करायला शिकली. एकदा त्या तिघी मदतनीस बाईबरोबर सखीरला मोटारींची शर्यत बघून आल्या. आपाचा जीव टांगणीला, आणि नूरा परत आली ती कानांवर आवाज अडवणारी भलीमोठी कानपट्टी चढवून, जेवतानाही न काढता!

माझी आणि आपाची शेवटची निवांत भेट तिच्या अंगणात झाली. मी सहज विचारलं, "अजून ती दुवा मागतेस का, एक दिवस जास्तवाली?" ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "नाय गं. सोडली. आता सांगते, मला ने कधी पण, तिला राहू दे खूप वर्षं. इंशाल्ला." आणि माझ्यापुढे शेंगा सरकवून म्हणाली, "तू नुसती बसू नको."

ती गेली त्या दिवशी बायका म्हणत होत्या, नूराला गुस्लच्या, मय्यतीला अंघोळ घालायच्या खोलीत नेऊ नका, तिला झेपायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत होते. आतून नूराचा आवाज ऐकू आला, "मी पाणी घालणार. उम्मीने मला घातलं." मग पाण्याचा आवाज येत राहिला.

परवा मी सांदणं घेऊन सनदला गेले. सवयीने हात दाराकडे गेला होता, तो मागे घेतला, बेल वाजवली आणि थांबले. एक पाय ओढत येणारी पावलं ऐकू आली. दार उघडून नूराने मला नीट बघितलं. "थांबलीस," ती म्हणाली, "उम्मी थांबायची नाही." आत भिंतीलगत चपलांची ओळ होती, एकीसारखी दुसरी नाही. नूराची वेल्क्रोची, कोणाची लाल, कोणाची सोनेरी पट्ट्याची. मध्ये आपाची तपकिरी, टाच झिजलेली, ती घरात घालायला म्हणून तिने इथे ठेवलेली. मी तिच्याशेजारी माझी काढायला लागले तशी नूरा खाली वाकली, डाव्या हाताने स्वतःची चप्पल थोडी सरकवली आणि बोट दाखवत म्हणाली, "ही उम्मीची. ही माझी. तू इथे."

मी तिथे चपला काढल्या आणि आत गेले. चहा तयार होता.