गुळाच्या पाण्याचा तांब्या

नायगावहून बिलोलीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथं गावची गुरं राखणारा एक जण आहे. त्यानं माझ्या गाईला विष घातलं, असं गावात आजही बोलतात. ते मी पसरवलं, आणि ते खोटं आहे.

लातूरला मास्तरकी करून निवृत्त झालो आणि बायकोसह वडिलांच्या दोन एकरांवर राहायला आलो. घरचं दूध, घरची भाजी, चार कोंबड्या, एवढंच मनात होतं. मोबाईलवर बघून सगळं शिकलोय, असं वाटत होतं.

या गुराख्याचं शेत माझ्या बांधाला लागून. मी खोलगट जागेत घराचा पाया काढला तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, तितं पानी तुंबतंय. वर बांधा." मी वर सरकलो की याला बांध कोरायला मोकळं रान, असं मी ताडलं. पहिल्याच पावसाळ्यात काळी माती फुगली आणि भिंतीला बोटभर चीर पडली. गाय आणली तेव्हा म्हणाला, "आधी कडबा रचायचा, मंग गाय आनायची." मला वाटलं, याला आपला कडबा खपवायचाय. मुंगसानं कोंबडी नेली तरी मी आधी त्याच्या चुलीकडं बघायचो.

"सगळं जग तुमच्याच दोन एकरांवर टपलंय का?" बायको म्हणायची.

ज्वारी काढून झाली, मग अवकाळी पाऊस पडला आणि बुडख्यांना हिरवेगार फुटवे आले. चारा संपत आला होता. मी गाय तिथं सोडली.

"त्या फुटव्यात नका सोडू, गुरुजी. कवळी ज्वारी इखावानी लागती जनावराला."

त्याला तो हिरवा चारा स्वतःच्या गुरांना हवा असणार. मी गाय तिथंच ठेवली.

तासाभरात तिचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला आणि ती आडवी झाली. तो तांब्या घेऊन पळत आला. "गुळाचं पानी हाय, पाजा लवकर!" मी तांब्या हातानं उडवला. "काय कालवून आणलंस?" असं ओरडलो. गाय गेली. जमलेल्या माणसांना मी मातीत पडलेला तांब्या दाखवला.

जनावरांचे डॉक्टर आले तोवर गर्दी पांगली होती. त्यांनी गाईचं तोंड बघितलं, रान बघितलं. "कोवळी ज्वारी खाल्लीय. गुळाचं पाणी तरी पाजलं का?"

डॉक्टरांचं बोलणं मी गावात कुणाला सांगितलं नाही. जन्मभर मुलांना शिकवणाऱ्या मास्तराला हे माहीत नव्हतं, असं गाव म्हणालं असतं. तेवढ्यासाठी.

रोज सकाळी त्याच्या मागं गल्ली भरून गुरं निघायची. विषाचं ऐकून एकेकानं आपलं जनावर त्याच्याकडून काढून घेतलं. तो नायगावला हमाली करायला लागला.

यंदा एका सोमवारी महादेवाच्या देवळापुढं मी सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "गुरुजी, त्यानं दमदाटी केली का तुमाला?" दुसरा हळूच म्हणाला, "वय झालं आता गुरुजींचं."

मी त्याच्या घरी गेलो.

"आता कशाला ते उकरून काढताय?" तो म्हणाला. "मला तवाच कळलं होतं. फेसात हिरवं दिसलं की."

"मग बोलला का नाहीस?"

"तांब्या माझ्याच हातात होता न्हवं."

मी नवी गाय घेतलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दावं त्याच्यापुढं धरलं. त्यानं हात पुढं केला नाही.

"हिला काई झालं तर? पुन्हा माझंच नाव."

"नाही येणार. मागचं माझ्या हातून झालं, तुझ्या हातून नाही. तसं लिहून देतो."

हे तेच लिहून देतोय. सकाळी त्याच्या मागं गल्लीतून एकच गाय जाते. लोक दारात उभे राहून बघतात, आणि संध्याकाळी ती परत येईपर्यंत मीही दारातच असतो.