डिंकाचे गोड निरोप

आमच्या इमारतीच्या मॅनेजरला सगळे डिंक म्हणायचे. दोन माणसं जवळ उभी दिसली की हा त्यांना चिकटवायला निघालाच. तळघरात संगणकांची सुरक्षा तपासणारे, पहिल्या मजल्यावर स्टार्टअपवाली तरुण मंडळी, दुसऱ्यावर व्यापाऱ्यांची संघटना. लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लागला तरी प्रत्येकाची नजर मजल्याच्या आकड्यावर. आमच्या चळवळीची खोली गच्चीला लागून होती, म्हणून मला तिघांशीही भांडता यायचं.

डिंकाने दर शुक्रवारी तळमजल्यावर खुर्च्या गोलात मांडायला सुरुवात केली. आधी कुणी फिरकलं नाही. मग चहा फुकट आहे हे कळलं आणि तिन्ही मजले जमले. व्यापाऱ्यांतल्या शेठने पहिल्या मजल्यावरच्या ॲपवालीच्या धंद्यात पैसा घातला, तोही याच खुर्च्यांवर बसून. दुरुस्तीवाला घरी बोलवायचं ॲप होतं तिचं.

ही कला डिंक घरीच शिकला. वडील आणि थोरला भाऊ एकमेकांशी बोलत नसत. वडील म्हणायचे, "त्या गाढवाला सांग, गिळायला ये." हा आत जाऊन सांगायचा, "दादा, बाबा तुझ्यासाठी थांबलेत." घर टिकलं ते याच्या थापांवर. त्याची बायको म्हणायची, "यांच्या तोंडून शिवीसुद्धा आशीर्वाद होऊन बाहेर पडते." ती हे कौतुकाने म्हणत नव्हती, पण त्याला ते कधी कळलं नाही.

तळघरात एक पोरगेला तपासनीस होता. कंपन्यांची कुलपं त्यांच्याच परवानगीने फोडून दाखवायची, यावर त्याचं पोट. दुसरा मजला त्याला कौतुकाने 'आपला चोर' म्हणायचा. त्याने स्वतःच्या घरचा नळ दुरुस्त करायला ॲपवालीचं ॲप वापरलं आणि त्याच्या लक्षात आलं, एक आकडा बदलला की परक्या माणसाचा पत्ता दिसतो, आणि त्याचं घर कधी रिकामं असतं तेही. तो डिंकाला म्हणाला, "त्यांना सांग, आजच्या आज हे भोक बुजवा. चोराच्या हातात किल्ली दिलीय यांनी."

डिंक जिना चढून गेला. "ताई, खालचा म्हणतोय ॲप झकास आहे. एखाददुसऱ्या ठिकाणी हात फिरवा, सवडीने."

"थँक यू सांगा त्याला," ती म्हणाली.

खाली येऊन डिंकाने कळवलं, "त्यांनी फार मनावर घेतलंय."

काही आठवडे गेले. भोक होतं तिथेच. एका शुक्रवारी मंडळी पांगल्यावर तपासनिसाने ॲपवालीला आणि शेठला गाठलं. मी आणि डिंक खुर्च्या उचलत होतो.

"तीन महिने देतो. दुरुस्त नाही केलंत तर जाहीर करणार."

तळघरातली ही रीतच आहे. आधी मालकाला सांगायचं, मुदत द्यायची, मग लोकांना सावध करायचं. त्यांच्यात याला सभ्यपणा म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर मुदत देऊन बोलणारा एकच प्राणी ठाऊक होता, खंडणीवाला.

शेठने कप खाली ठेवला. "किती हवेत?"

"कशाचे?"

"गप्प बसायचे."

"छदाम नको. भोक बुजवा."

"छदाम नको म्हणणाराच पुढे महाग पडतो."

ॲपवाली म्हणाली, "आणि आधी सांगायला काय झालं होतं?"

तपासनिसाने डिंकाकडे पाहिलं. डिंक म्हणाला, "अहो, थोडा गैरसमज झालाय. सगळी आपलीच माणसं."

सोमवारी तपासनिसावर खंडणीची तक्रार झाली. ज्याच्या हातात लोक कुलपं देतात, त्याच्यावर असा शिक्का बसला की संपलंच. हातातली कामं गेली. त्याने आधीच सावध केलं होतं, याला साक्षीदार एकच, डिंक. डिंकाला मीच पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. वाटेत बजावलं, "नागडं सांगायचं. साखर लावशील तर याद राख." त्याने मान हलवली.

अधिकाऱ्याने विचारलं, "त्याने तुम्हाला आधी सांगितलं होतं का?"

"साहेब, मुलगा चांगला आहे. ताईही चांगल्या आहेत."

"ते राहू द्या. सांगितलं होतं का?"

"म्हणजे... तसा विषय निघाला होता."

"धोका आहे म्हणाला?"

"सुधारणेला वाव आहे, अशा अर्थाचं काहीतरी."

मी टेबलावर हात आपटला, तर मलाच बाहेर काढलं. काचेतून बघत राहिलो. डिंक दोन्ही हात हलवून, गोड हसून, पोराला खड्ड्यात ढकलत होता. आणि शपथेवर सांगतो, त्याला वाटत होतं तो सांभाळून घेतोय.

ॲपमधलं भोक त्याच आठवड्यात गुपचूप बुजलं. तक्रार मात्र कुणी मागे घेतली नाही.

तपासनीस तळघर रिकामं करत होता तेव्हा मी मदतीला गेलो. सकाळीच दुसऱ्या मजल्यावर शेठशी माझी जुंपली होती. त्याने माझ्यादेखत डिंकाला सुनावलं होतं, "तो चोर पुन्हा इमारतीत दिसला तर त्याच्यासोबत तूही चालता हो."

डिंक खाली आला. दारातच थांबून म्हणाला, "शेठ म्हणालेत, झालं गेलं विसरून जा. त्यांनाही वाईट वाटतंय रे."

तपासनीस वायर गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही. "नेमके काय शब्द होते त्यांचे?"

डिंकाने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे..." तो म्हणाला. मग तो खाली बसला, वायरीचं दुसरं टोक उचललं आणि गुंडाळायला लागला.